वसईचे आठ दिवस

२०२५ च्या ऑक्टोबरात गाझात युद्धबंदी जाहीर झाली, त्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीप्रमाणे तोफा धडाडल्या. कोण बरोबर, कोण चूक, कोणी आधी सुरू केलं. बी विंगच्या एका काकांनी शेवटी सगळ्यांना गप्प करणारा मेसेज टाकला, 'जगाला माणुसकी शिकवायची तर कल्याणपासून सुरुवात करा, सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सांगा.' पन्नास लोकांनी हात जोडले. विषय संपला.

माझ्यापुरता संपला नाही, कारण त्याच संध्याकाळी भाचीने विचारलं, "मामा, युद्धबंदी झाली ना? मग ट्रक अजून सीमेवर का उभे आहेत?"

मी तिला काहीतरी थातूरमातूर सांगितलं. मग स्वतःचीच लाज वाटली. आपण इतिहासाच्या गप्पा मारणारी माणसं, आणि आपल्याच खाडीच्या काठावर याचं एक नीट नोंदलेलं उदाहरण पडलंय, ते आठवलं नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी सुनेची गोष्ट बाजूला ठेवतो. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आलं, आबाजी सोनदेवांनी सुभेदाराची देखणी सून महाराजांपुढे आणली आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवलं. आपण सगळे हे ऐकतच मोठे झालो. समकालीन कागदांत या प्रसंगाचा पत्ता लागत नाही, हे अभ्यासकांनी अनेकदा सांगून झालंय. महाराजांच्या एकूण वर्तनाशी गोष्ट जुळते म्हणून ती टिकली, आणि टिको बापडी. गंमत अशी की वसईच्या लढाईनंतर चिमाजी अप्पांच्या नावावरही जवळजवळ हीच गोष्ट सांगतात. पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरातली स्त्री हाती लागली, अप्पांनी मानाने परत पाठवली. सावरकरांनी तर 'सहा सोनेरी पाने'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन दोघांवरही टीका केली आहे. म्हणजे गौरव करणारे आणि नावं ठेवणारे, दोघेही एकाच न सापडणाऱ्या प्रसंगावर भांडत बसलेत.

आणि त्याच वसईत जे खरोखर झालं, ज्याचा लेखी तह झाला, त्याबद्दल आपण बोलत नाही. कारण त्यात सुंदर सून नाही. त्यात आठ दिवस आहेत, होड्या आहेत आणि गहाण ठेवलेली चांदी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. साष्टी म्हणजे आजचं ठाणे ते वांद्रे हे बेट, आणि वर वसई, हा पट्टा दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता. देवळं पाडली गेली, हिंदूंच्या उघड धर्मकृत्यांवर बंदी आली, पोरकी झालेली मुलं बाटवण्यासाठी उचलली जायची, वर गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाक. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पेशव्यांच्या दारात खेटे घालत होते की आम्हाला यातून सोडवा. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळी-काल्हेर मागे टाकलं की हे अंजूर जवळच आहे. आता त्या रस्त्यावर गोदामांशिवाय काही दिसत नाही, पण मोहिमेची ठिणगी तिथली. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढे मी पोर्तुगीजांच्या बायकामुलांबद्दल बोलणार आहे, आणि कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच की आमच्या लोकांचं काय. तर त्यांचं हे. ते विसरून ही गोष्ट सांगता येत नाही.

१७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडी मराठ्यांनी ठाणं घेतलं. किल्ला तेव्हा अर्धवट बांधलेला होता. हाच किल्ला म्हणजे आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह, ज्याच्या भिंतीकडे आपण सिग्नलला थांबल्यावर बघतो. १७३८ च्या डिसेंबरात ठाणं परत घ्यायला पोर्तुगीज होड्यांमधून आले. त्यांचा सेनानी पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्याने तिथेच पडला. आपल्या स्वारीची आगाऊ खबर मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना दिली, अशी पोर्तुगीजांची तक्रार होती, आणि ती काही उगाच नव्हती. मुंबईकर इंग्रजांचं हे दोन्ही डगरींवरचं वागणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग एकेक ठाणं पडत गेलं. माहीम-केळवे, तारापूर, अशेरी, वेसावे. वसईच्या समोर खाडीपलीकडचं धारावी बेटही मराठ्यांनी घेतलं (आपली मुंबईतली धारावी नव्हे, ही उत्तन-डोंगरीकडची). धारावी गेली आणि वसईच्या दर्यावरच्या वाटेवर मराठ्यांच्या तोफांची नजर आली. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईला पक्का वेढा पडला.

वेढा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तटावरचे शिपाई येतात. पण वसई हे नुसतं ठाणं नव्हतं, ते भरलेलं शहर होतं. उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखाची ती राजधानी. आसपासच्या गावांच्या उत्पन्नावर जगणारी उमराव घराणी तिथे राहायची. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा सगळ्या पंथांचे मठ आणि चर्चेस होती. त्यांच्या भोवती व्यापारी, कारागीर, नोकरचाकर, गुलाम, आणि बाहेरच्या गावांतून जीव वाचवायला आत आलेले लोक. तटाच्या आत अडकलेल्यांतल्या बहुतेकांनी हातात बंदूक धरलेली नव्हती.

किल्ल्यात पैसा संपला. शिबंदीचा पगार थकला की शिबंदी लढत नाही, हे सगळीकडचं सत्य. वसईच्या कप्तानाने मुंबईकडे मदत मागितली. मुंबईच्या इंग्रजांनी दारू-गोळा दिला, माणसं द्यायला नकार दिला, आणि कर्ज दिलं १५ हजार रुपये. तारण म्हणून चर्चची चांदीची भांडी आणि पितळी तोफा ठेवून घेतल्या. शेजारी ख्रिस्ती, राजाराजांची मैत्री, सगळं खरं, पण आधी चांदी मोजा. मला यात इंग्रजांना खलनायक करायचं नाहीये. गव्हर्नरला लंडनच्या कंपनीला हिशोब द्यायचा होता आणि समोर मराठ्यांची वाढती ताकद होती. पण मदत कशी दिसते ते बघा. तिला पावती असते.

मेमध्ये शेवट जवळ आला. तारखांचा एक घोळ इथेच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये मला झोडपाल. आपल्या बऱ्याच पुस्तकांत वसई पडल्याची तारीख ५ मे १७३९ अशी सापडते आणि पोर्तुगीज साधनांत १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज नवं ग्रेगोरियन, आणि दोघांत ११ दिवसांचा फरक होता. मी इथे पोर्तुगीज म्हणजे आजच्या कॅलेंडरच्या तारखा देतोय.

तर १३ मेला मराठ्यांनी तटाखाली पेरलेले सुरुंग उडवले. सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडलं, दोन दिवस तिथे हातघाईची लढाई झाली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मोठे सरदार या वेढ्यात होते. पोर्तुगीजांचा सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यातच मारला गेला होता, त्याच्यामागे कायतान द सोझा परेरा किल्ला लढवत होता. बुरूज हातचा गेल्यावर त्याने शरणागतीचं बोलणं लावलं. वेढ्यात मराठ्यांची ५ हजार माणसं मेली-जखमी झाली आणि पोर्तुगीजांची ८००, असं ग्रँट डफ लिहितो. 'डोकं तरी तोफेतून किल्ल्यात पडू द्या' असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका याच लढाईची.

आता स्वतःला अप्पांच्या जागी ठेवा. पाच हजार माणसं या एका तटापायी मेली-जखमी झाली आहेत. मागे अंजूरकरांच्या तक्रारींचं गाठोडं आहे. बुरूज तुमच्या ताब्यात आहे, आणखी एक रेटा दिला तर शहर उघडं. त्या काळाचा जगभरचा रिवाज असा होता, की शरण न येता भिंत फोडून घेतलेलं शहर सैनिकांना लुटायला मिळायचं. युरोपातही हेच. कोणी नाव ठेवलं नसतं.

त्याऐवजी १६ मेला तह झाला. शिबंदीने शस्त्रांसह, निशाण आणि वाद्यांसह मानाने बाहेर पडावं. शहरातल्या ज्यांना जायचं असेल त्यांनी आठ दिवसांत आपली बायकामुलं आणि हलवता येईल ती मालमत्ता घेऊन जावं. ज्यांना राहायचं असेल त्यांनी राहावं, आपला धर्म पाळावा.

हे अप्पांनी का केलं? मोठं मन हे एक उत्तर झालं, आणि ते मी नाकारत नाही. पण हिशोबही होता. नादिरशाहाने त्याच मार्चमध्ये दिल्ली लुटली होती आणि बाजीरावांचं लक्ष उत्तरेकडे लागलं होतं. वसईत अडकलेले होळकर-शिंदे तिकडे हवे होते. दुसरं, पावसाळा तोंडावर. मे संपताना वारं फिरलं की खंदक, दलदल, सुरुंग, सगळं पाण्यात. तिसरं, उद्ध्वस्त वसईपेक्षा नांदती वसई फायद्याची. आपल्याकडे 'कौल' देण्याची जुनी रीत होती. मुलूख घेतला की रयतेला लेखी अभय द्यायचं, परत या, जमिनी कसा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. कौल म्हणजे दया आणि महसूल यांची एकत्र बांधलेली गाठ. वसईच्या तहात मला त्या रीतीचा वास येतो. आणि खरं सांगू, दया आणि फायदा एकाच दिशेला तोंड करून उभे असले तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. अडकलेल्या बाईला बाहेर पडायला दार मिळालं, दार उघडणाऱ्याच्या मनात काय होतं याने तिला फरक पडत नाही.

मात्र दार उघडलं की काम संपलं असं नव्हतं. वसईच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. चौथी, जमिनीची बाजू लढाईने उखणलेली, आणि त्या बाजूला जाऊन करणार काय? साष्टी मराठ्यांकडे, जवळचा एकच आसरा म्हणजे मुंबई, आणि तिथे जायला होड्या पाहिजेत. मुंबईहून इंग्रजांनी होड्या आणि पहारा पाठवला, मराठ्यांनी त्या येऊ दिल्या. वेढा घालणाऱ्याने आपल्या तोफांच्या टप्प्यातून तिसऱ्याच्या होड्या जाऊ द्यायच्या, त्यातून शत्रूची माणसं, पेट्या, मठांतलं सामान न्यायचं, आणि हे आठ दिवस रोज. भरती-ओहोटी बघून. एका बाजूच्या एखाद्या गोलंदाजाचं डोकं फिरलं असतं तर सगळं पुन्हा पेटलं असतं. पेटलं नाही. २३ मेला शिबंदी बाहेर पडली आणि किल्ल्यावर मराठ्यांचं निशाण चढलं.

माझ्या मते वसईच्या लढाईतली सर्वांत कमी सांगितली जाणारी कामगिरी ही आहे. पाच हजार साथीदार मेले-जखमी झालेल्या फौजेला आठ दिवस बंदुका खाली ठेवून समोरून श्रीमंतांच्या पेट्या जाताना बघायला लावणं. याला जरब लागते. तटावर चढायला लागते त्यापेक्षा जास्तच म्हणेन.

(चर्चच्या घंटा मात्र राहिल्या, त्या मराठ्यांनी नेल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची, अशा घंटा आपण वाजवून आलेलो असतो. विजयाची निशाणी होती ती, तिला दुसरं नाव द्यायची गरज नाही. नवस फेडायला अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, तेही आपल्या रोजच्या ओळखीचं.)

इथपर्यंत गोष्ट बरी आहे. बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात, आपल्याकडची विजय साजरा करून, तिकडची अश्रू ढाळून. मला पुढच्या सहा महिन्यांत जास्त रस आहे.

मुंबईला उतरलेल्यांचं काय झालं? पावसाळा लागला, समुद्र बंद. गोव्याला जायचं तर सप्टेंबरपर्यंत थांबणं आलं. मुंबई तेव्हा लहान, स्वतःच घाबरलेली. मराठे माहीमच्या खाडीपर्यंत आलेले. उद्या आपली पाळी या भीतीने इंग्रज तट आणि खंदकाच्या गोष्टी करत होते. वांद्र्याचा किल्लाही मराठ्यांना उपयोगी पडू नये म्हणून त्यांनीच पाडायला लावला. अशा बेटावर वसईची थकलेली शिबंदी आणि बेघर कुटुंबं. इंग्रजांनी त्यांच्या पोटापाण्यासाठी महिन्याला रक्कम लावून दिली. ते मान्य करायला हवं, पावसाळाभर त्यांना जगवलं. पण हा खर्चही पोर्तुगीजांच्या खात्यावर मांडला जात होता. गोव्याचं सरकार स्वतःच अडचणीत, साष्टीपाठोपाठ तिकडच्या सासष्टीतही मराठे घुसले होते. त्यामुळे पैसे द्यायचे कोणी यावर पत्रांमागून पत्रं. पाहुणा आणि यजमान, दोघेही एकमेकांना कंटाळले. ज्यांच्या घरी पूर किंवा आगीनंतर नातेवाईक राहायला आलेत त्यांना हे सांगायला नको.

पावसाळा संपल्यावर शिबंदी गोव्याकडे निघाली. होड्यांनी चौलपर्यंत, आणि तिथून पुढे जमिनीवरून पायी, सगळा कोकण तुडवत. समुद्रावर आंग्र्यांची भीती होती. आणि गोवा अगदी टप्प्यात आलेला असताना वाडीच्या सावंतांच्या फौजेने त्यांना गाठलं. सुमारे दोनशे माणसं मारली गेली.

वसईच्या तटावर जी वाचली होती, ती माणसं गोव्याच्या दारात गेली.

सावंतांनी तह मोडला का? नाही. सावंत त्या तहात नव्हतेच. त्यांचं पोर्तुगीजांशी स्वतःचं जुनं वैर होतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांची सही नव्हती. अप्पांचा शब्द वसईच्या दर्या दरवाजापासून मुंबईच्या धक्क्यापर्यंत पाळला गेला, अक्षरशः. कागद तेवढाच लांब होता. त्याच्या पुढे होडी कोणाची, वाट कोणाची, भाकरीचे पैसे कोणाचे, हे लिहिलेलं नव्हतं. जिथे लिहिलेलं होतं तिथे माणसं वाचली.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. युद्धबंदी ही बातमी एका ओळीची असते, पण ट्रक त्या ओळीवरून चालत नाही. २०२५ च्या जानेवारीत गाझाची जी आधीची युद्धबंदी झाली, तिच्यात रोज ६०० ट्रक आत सोडायचे असा आकडा लिहिलेला होता, आणि त्या दिवसांत ट्रक खरंच मोठ्या संख्येने आत गेले. तिचा पहिला टप्पा १ मार्चला संपला. पुढच्या टप्प्याबद्दल एकमत नव्हतं. २ मार्चला इस्रायलने सगळी मदत अडवली ती जवळजवळ ११ आठवडे. कागद संपला, वाट संपली. ऑक्टोबरच्या करारात पुन्हा त्या जानेवारीच्याच आकड्याचा हवाला दिलाय. तो पाळला जातोय की नाही हे आता एकेका फाटकावर मोजावं लागतं. कुठलं फाटक उघडं, तपासणी कोण करणार, डिझेल चालेल का, चालकाला परवाना कोणी द्यायचा. आपल्याला हे सगळं कंटाळवाणं वाटतं, टीव्हीवरही दाखवत नाहीत. पण वसईतही भरती-ओहोटीचं वेळापत्रकच महत्त्वाचं होतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १२ ऑगस्ट १९४९ ला चौथा जिनिव्हा करार झाला, तो खास नागरिकांसाठी. त्याचं १७ वं कलम वाचा. वेढलेल्या जागेतून जखमी, आजारी, म्हातारी माणसं, मुलं आणि बाळंतिणी यांना बाहेर काढायला, आणि डॉक्टर व औषधं आत सोडायला, दोन्ही बाजूंनी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा. 'प्रयत्न करावा' एवढंच आहे, सक्ती नाही. दोनशे दहा वर्षांनी जगाने लेखी जे मागितलं, ते आपल्या खाडीवर सक्तीशिवाय होऊन गेलं होतं. आणि त्यानंतरही किती वेळा झालं? २०१६ च्या डिसेंबरात सीरियातल्या अलेप्पोतून लोकांना हिरव्या बसगाड्यांनी बाहेर काढलं, तेव्हा मधेच बस अडल्या, थांबल्या, गोळीबार झाला, पुन्हा निघाल्या. तिथेही सही करणारे वेगळे आणि रस्त्यावर बंदूक घेऊन उभे वेगळे होते. म्हणजे सावंतांचा प्रश्न.

आणि सह्या, गणवेश, पांढऱ्या गाड्या सगळं असूनही काय होऊ शकतं तेही आपल्या घरापर्यंत आलंय. भारतीय लष्करातून निवृत्त झालेले, पुण्यात घर असलेले कर्नल वैभव काळे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात काम करायला गाझात गेले होते. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये, रुग्णालयाकडे जात असताना, संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीवर हल्ला झाला आणि ते गेले. तेव्हा युद्धबंदी नव्हती. योगायोगाने तीच १३ मे, वसईत सुरुंग उडाल्याची. यात अर्थ शोधू नका, मला तारखा जुळलेल्या दिसतात ही माझी सवय आहे.

आता जे वसईत मागे राहिले त्यांच्याविषयी. तहातलं तिसरं वाक्य त्यांच्यासाठी होतं, राहायचं असेल त्यांनी राहावं आणि आपला धर्म पाळावा. गोरे पाद्री, उमराव, मठवासी निघून गेले. मागे राहिले ते इथलेच, पिढ्यांपूर्वी धर्म बदललेले शेतकरी, वाडवळ, सामवेदी, कोळी. त्यांना जायला गोवा नव्हता आणि लिस्बन तर नव्हतंच. होडीत चढायला पेटी भरावी इतकं सामानही नसेल. त्यांच्यापैकी काही परत हिंदू झाले, बरेच ख्रिस्ती राहिले, देशी पाद्र्यांनी चर्चेस चालवली. वेढ्यानंतर सूड घ्यायला सर्वांत सोपी माणसं हीच असतात, सत्ता गेलेल्या राजाच्या धर्माची, पण राजासारखं पळून जाता न येणारी. मराठ्यांचा अंमल त्यांना काही सुखाचा गेला असं मी म्हणणार नाही, चर्चच्या जमिनी गेल्या, कर होते. पण ती टिकली. ठाण्याच्या मासुंदा तलावाशेजारचं सेंट जॉनचं चर्च आजही भरतं. वसईच्या ख्रिस्ती घरांत मराठीच्या बोली बोलल्या जातात. आणि वसईच्याच नंदाखालमध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १७३९ च्या कागदातलं ते वाक्य नसतं तर काय झालं असतं याची मी कल्पना करत बसत नाही, पण वाक्य होतं.

भाचीला हे सगळं घरी बसून सांगण्यापेक्षा दाखवावं म्हणून एका रविवारी आम्ही निघालो. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी पकडली. दिवसातून मोजक्याच, एक चुकली की पुढचे कित्येक तास गेले. खारबाव, कामण, जूचंद्र, हा सगळा त्या मोहिमेचा मुलूख खिडकीतून जातो. वसईला उतरून किल्ल्यात. अप्पांचं स्मारक पाहिलं, फोटो काढला. मोडक्या चर्चमध्ये प्री-वेडिंगचं शूटिंग चाललेलं. सेबास्तियन बुरुजाकडे झाडी इतकी वाढलीय की खिंडार कुठलं आणि पडझड कुठली कळत नाही. तटाच्या आतच नागेश्वराचं देऊळ आहे, तिथे जरा टेकलो.

मग दर्या दरवाजातून खाली धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, मचवे चिखलात कलंडलेले. किल्लाबंदरच्या एका कोळी काकांना तिने विचारलं, पाणी कधी येणार. त्यांनी खाडीकडे न बघताच सांगितलं, अजून तीन तास. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, म्हणजे आठ दिवस म्हणजे पूर्ण आठ दिवस नाही. भरतीच्या वेळाच फक्त."

मी हे इतकी वर्षं वाचतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

परत येताना गाडीची वेळ टळलेली होती, म्हणून भाईंदरची रो-रो घेतली. २०२४ पासून ती सुरू झालीय, गाड्या-माणसं सगळं एकदम घेते आणि काही मिनिटांत पलीकडे सोडते. मध्ये खाडीत मागे वळून पाहिलं की तट एका नजरेत मावतो, आणि डोंगरीचा डोंगर, जिथून तोफांची नजर होती तो. भाईंदरला उतरून रिक्षा, बस, आणि मग घोडबंदर रोड. खाडीला जेवढा वेळ लागला त्याच्या दहापट वेळ गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये गेला.